पिल्लाच्या दुधात पाणी कशाला?

दिवाळी सरली की गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर सल्ले येतात. ‘गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्या, म्हणजे हलकं होईल.’ ‘ग्लुकोज बिस्कीट भिजवून भरवा.’ ‘कापसाच्या बोळ्याने पाजा.’ तिन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. पहिला तर साध्या त्रैराशिकात नापास होतो.

त्याआधी एक गोष्ट. पिल्लं एकटी दिसली म्हणजे पोरकी झाली असं नाही. कुत्री पोट भरायला बाहेर जाते आणि काही तासांनी परतते. पिल्लं उबदार, गोल पोटाची आणि गपचूप झोपलेली असतील तर लांबून लक्ष ठेवा, उचलून आणू नका. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ हेही खरं नाही. माणसाच्या वासामुळे कुत्री आपलं पिल्लू सोडत नाही. पण आई खरंच गेली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यावर येतं.

आता त्रैराशिक. गाईच्या १०० मिलि दुधात साधारण ४ ग्रॅम स्निग्धांश, ३.३ ग्रॅम प्रथिनं, ४.८ ग्रॅम लॅक्टोज आणि ६५ किलोकॅलरी असतात. कुत्रीच्या तेवढ्याच दुधात स्निग्धांश ९ ते १० ग्रॅम, प्रथिनं साडेसात ग्रॅमच्या आसपास, लॅक्टोज फक्त ३.५ ग्रॅम आणि ऊर्जा १३० किलोकॅलरी. म्हणजे कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी ‘जड’ असतं. पिल्लाला ते सोसतं, कारण त्याला अडचण होते ती लॅक्टोजची, स्निग्धांशाची नव्हे.

३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ६० किलोकॅलरी लागतात. आईच्या ४६ मिलि दुधात त्या मिळतात आणि सोबत १.६ ग्रॅम लॅक्टोज पोटात जातो. गाईचं दूध द्यायचं तर ९२ मिलि लागेल आणि लॅक्टोज जाईल ४.४ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन पट. निम्मं पाणी घातलं तर तेवढ्याच ऊर्जेसाठी १८४ मिलि पाजावं लागेल. लॅक्टोज तरी कमी झाला का? नाही, तो ४.४ ग्रॅमच राहिला. पाणी घातल्याने लॅक्टोज आणि कॅलरी यांचं गुणोत्तर बदलत नाही. शिवाय पिल्लाच्या जठरात एका वेळी शरीराच्या दर १०० ग्रॅम वजनामागे ४ मिलिच्या आसपासच दूध मावतं. या पिल्लाला ते १२ मिलि झालं. म्हणजे पाणीदार दूध दिवसातून पंधरा वेळा पाजावं लागेल. कोणी पाजत नाही. पिल्लू उपाशी राहतं आणि त्याला वर जुलाबही लागतात.

जुलाब का लागतात, हा सगळ्यात मजेदार भाग. लॅक्टोज ही दोन साखरांची जोडी. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ही जोडी तोडतं. तुटलेल्या साखरा रक्तात जातात. अख्खा लॅक्टोज मात्र आतड्याची भिंत ओलांडू शकत नाही. पिल्लाकडे लॅक्टेज असतं, पण आईच्या दुधात जेवढा लॅक्टोज येतो त्या बेताचं. जास्तीचा लॅक्टोज न तुटता आतड्यात पडून राहतो आणि परासरणाने (विरघळलेल्या पदार्थाकडे पाणी ओढलं जातं त्या क्रियेने) पाणी धरून ठेवतो. आतड्यातला द्रव रक्ताइतकाच तीव्र राखला जातो. लॅक्टोजचा रेणुभार ३४२ आणि रक्ताची तीव्रता लिटरला साधारण २९० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या संख्येचं माप), या दोन आकड्यांवरून हिशेब केला तर एक ग्रॅम न पचलेला लॅक्टोज सुमारे १० मिलि पाणी अडवतो. वरच्या उदाहरणात जास्तीचा लॅक्टोज २.८ ग्रॅम होता. तो सगळा तसाच राहिला असं धरलं तर २८ मिलि पाणी अडकलं, म्हणजे पिल्लाच्या वजनाच्या जवळपास दहावा भाग. प्रत्यक्षात थोडा लॅक्टोज पचतो. पण उरलेला मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतो. ते त्याचे लहान आम्लरेणू आणि वायू करतात. रेणूंची संख्या वाढली की पाण्याची ओढही वाढते. पोट फुगतं, आंबूस वासाची पातळ शी होते. नवजात पिल्लाची मूत्रपिंडं अजून पाणी राखायला शिकलेली नसतात, त्यामुळे एका दिवसात त्याचं चिपाड होतं. वरून घातलेल्या पाण्याचा इथे काही उपयोग नाही. ते शोषलं जातं, लॅक्टोज तिथेच राहतो.

याच मापाने इतर दुधं पाहू. दर १०० किलोकॅलरीमागे लॅक्टोज किती? कुत्रीच्या दुधात २.७ ग्रॅम, म्हशीच्या ५, शेळीच्या साडेसहा, गाईच्या ७.४ आणि मानवी दुधात सुमारे १० ग्रॅम. म्हणजे ‘म्हशीचं जड, गाईचं हलकं’ हे आपलं पाठांतर इथे उलटं करावं लागतं. ‘शेळीच्या दुधात लॅक्टोज नसतो’ ही समाजमाध्यमांवरची जाहिरातबाजी आहे. माणसाच्या बाळांची दूध पावडर तर या कामासाठी सगळ्यात वाईट, कारण ती मानवी दुधाच्या नकलेवर बनवलेली असते.

सगळ्यात चांगलं म्हणजे पिल्लांसाठीची दूध पावडर, प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते ती. डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. ती मिळेपर्यंत एखाददोन दिवस हे चालेल: ६ टक्के स्निग्धांशाचं फुल क्रीम पिशवीचं दूध २०० मिलि, एका अंड्याचा फक्त पिवळा बलक आणि चहाचा एक चमचा (५ मिलि) खायचं तेल. बलक थोड्या कोमट दुधात घुसळा, बाकीच्या दुधात मिसळा आणि मंद आचेवर वाफ येईपर्यंत ढवळत तापवा. उकळू दिलंत तर फाटेल. मग गाळून तेल घालून पुन्हा घुसळा. फ्रिजमध्ये २४ तास टिकतं. यात मिलिमागे १.२ किलोकॅलरी मिळतात आणि लॅक्टोज दर १०० किलोकॅलरीमागे ३.६ ग्रॅमवर येतो. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र आईच्या दुधापेक्षा बरंच कमी पडतं, म्हणूनच एखाददोन दिवस म्हटलं. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला याचं दिवसाला ५० मिलि, म्हणजे पहिल्या आठवड्यात आठ वेळा सहा-सहा मिलि. पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार आणि तिसऱ्यात चार-पाच तासांनी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. रोज ५ ते १० टक्के वाढ हवी. साधारण दहाव्या दिवसापर्यंत जन्मवजन दुप्पट होतं. दिवसभरात वजन जागचं हललं नाही तर डॉक्टर गाठा.

दूध कितीही चांगलं असलं तरी गार पडलेल्या पिल्लाला ते पाजू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडता येत नाही, त्यामुळे शरीराची उष्णता ते स्वतः राखू शकत नाही. या वयात गुदद्वारातलं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असणं ठीक. ते ३४ च्या आसपास उतरलं की आतड्याची हालचालच थांबते. मग पाजलेलं दूध पुढे न सरकता आंबतं, उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्युमोनिया होतो. म्हणून आधी ऊब. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा. उकाडा झाला तर सरकायला उरलेला अर्धा मोकळा सोडा. एक ते तीन तासांत हळूहळू ऊब चढू द्या. घाईने शेकलंत तर कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतल्या अवयवांचा रक्तपुरवठा घटतो. या काळात हिरड्यांवर साखरपाण्याचे एकदोन थेंब चोळले तर चालतात. पुढे पहिला आठवडाभर खोक्यात २९ ते ३२ अंश तापमान ठेवा आणि नंतर हळूहळू उतरवत चौथ्या आठवड्यात २५ वर आणा.

पाजताना पिल्लू पालथं, आईला लुचताना असतं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. बोंडल्याने ओतणं किंवा सिरिंजचा दट्ट्या दाबणं यानेही तेच होतं. कापसाच्या बोळ्याचे धागे पोटात जातात आणि किती प्यायलं ते कळत नाही. छोटी बाटली आणि निपल घ्या. बाटली उलटी धरल्यावर थेंब थेंब पडायला हवेत, धार नको. दूध मनगटावर कोमट लागेल असं, ३८ अंशांच्या आसपास. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. नळीने पाजणं डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नका. पहिले दहाएक दिवस पिल्लाला ओकारीची प्रतिक्षिप्त क्रिया नसते, त्यामुळे नळी श्वासनलिकेत गेली तरी ते सांगत नाही.

पाजल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने शी-शूच्या जागा हलकेच पुसा. आई हेच जिभेने करते. त्याशिवाय तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला मोकळं होता येत नाही. शू गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

चिकाबद्दल एकच. आईच्या पहिल्या दुधातली प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) आतड्यातून अख्खी रक्तात जातात ती जन्मानंतर २४ तासच, त्यातही पहिल्या काही तासांत जास्त. नंतर ती वाट बंद होते. त्यामुळे महिन्याच्या पिल्लाला ‘चीकयुक्त इम्युनिटी पावडर’ देऊन रक्तात प्रतिपिंडं पोचत नाहीत.

अंगावरचं दूध तोडण्याची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुधाचे दात हिरडीबाहेर डोकावू लागले की. इथेही वेळापत्रक विकरांचंच. लॅक्टेज जन्माच्या वेळी भरपूर असतं आणि मग उतरत जातं. पिष्ट (स्टार्च) पचवणारं स्वादुपिंडातलं अमायलेज पहिल्या तीन-चार आठवड्यांत नावापुरतंच असतं आणि नंतर चढतं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की लांडग्याकडे अमायलेजच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांकडे ४ पासून ३० पर्यंत. आपला गावठी कुत्रा भाकरीवर जगू शकतो त्यामागे हेही आहे. पण जनुक असून भागत नाही, ते पुरेसं चालू व्हावं लागतं. दोन आठवड्यांच्या पिल्लाला भिजवलेलं बिस्कीट किंवा भाताची पेज दिली तर ते पिष्ट लॅक्टोजसारखंच मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं.

चौथ्या आठवड्यात पिल्लांच्या कोरड्या खाद्याचा एक भाग तीन भाग कोमट पाण्यात किंवा त्याच पावडरीच्या दुधात अर्धा तास भिजवून खिमटासारखं मऊ करा. बोटावर घेऊन चाटवा, मग उथळ ताटलीत ठेवा. खोल वाटीत नाक बुडतं आणि ठसका लागतो. दिवसातून चार वेळा, आणि बाटली चालूच. कुत्री या वयात कधीकधी अर्धवट पचलेलं अन्न पिल्लांपुढे ओकते. खिमट ही त्याचीच नक्कल. दर आठवड्याला पाणी कमी करत सातव्या-आठव्या आठवड्यात कोरड्या दाण्यांवर या. शेजारी पाण्याची ताटली हवीच.

पिल्लू बाटली सोडत नाही म्हणून घाबरू नका. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये हेच टिपलंय: आई झिडकारू लागते तशी पिल्लं दुसऱ्या कुत्रीच्या सडांना जाऊन चोरून दूध पितात.

घरचं शिजवून घालायचं असेल तर कॅल्शियम सांभाळा. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते रक्तात कमी पडलं की शरीर हाडांतून काढून घेतं. पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. चिकन-भात खाऊन गुबगुबीत दिसणाऱ्या पिल्लातही हे होतं, म्हणून कॅल्शियमची मात्रा वजन दाखवून डॉक्टरांकडूनच घ्या. आणि खाणं सुरू झाल्यावर पोट नगाऱ्यासारखं दिसलं तर ते बाळसं समजू नका. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात आणि दुधातूनही. त्यांचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, दर वेळी नव्याने वजन करून द्यायचं.