खेळ आणि श्रवणयंत्र

खेळताना श्रवणयंत्र कानात ठेवावे की काढावे, आणि ठेवल्यास घाम, पाणी व धक्क्यापासून ते कसे जपावे, यासंबंधीच्या पद्धती. यांत कानामागची व कानाच्या पोकळीत बसणारी यंत्रे येतात, तसाच कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेल्या उपकरणाचा, बाहेरचा प्रोसेसरही येतो. बोलीत या सगळ्यांना ‘मशीन’ म्हणतात.

पालक आणि क्रीडाशिक्षक यांना धास्ती असते ती मशीन पडून फुटण्याची. घामाचा उपद्रव मात्र रोजचा असतो आणि तो लवकर दिसत नाही. कानामागच्या यंत्राचे मायक्रोफोन वरच्या कडेला, नेमके केसांतून घाम ओघळतो त्या वाटेवर असतात. घाम सुकला की क्षार उरतात आणि बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर धरतो. बटणासारख्या झिंक-एअर बॅटऱ्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात, त्यामुळे त्यांचा कप्पा पूर्ण हवाबंद करता येत नाही. बॅटरीच्या बारीक छिद्रांवर घामाचा थेंब बसला की ऐन रंगात आलेल्या सामन्यात मशीन मुके होते आणि पुसून सुकवल्यावर बहुधा पुन्हा बोलू लागते. बंदिस्त रिचार्जेबल बॅटरीच्या यंत्रात हा विशिष्ट त्रास नसतो.

बऱ्याच यंत्रांवर ‘आयपी ६८’ असा दर्जा दिलेला असतो. त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. मात्र ही पाण्याची चाचणी साध्या पाण्यात, ठरावीक खोली व वेळेपुरती होते. घाम, क्लोरीन किंवा समुद्राचे पाणी यांची हमी तिच्यात नसते. पोहण्यासाठी म्हणून बनवलेले नसेल, तर यंत्र काठावरच्या डब्यात ठेवलेले बरे.

मशीन जागेवर राहण्याची पहिली अट म्हणजे कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा. वाढत्या वयात कान मोठा होतो, मोल्ड सैल पडतो आणि मशीन शिट्टी मारू लागते. अशा मोल्डवर कितीही पट्टे बांधले तरी उपयोग मर्यादितच. धक्काबुक्कीच्या खेळात कडक ॲक्रिलिकपेक्षा मऊ सिलिकॉनचा मोल्ड कमी इजा करतो. लहान मुलांसाठी सर्वांत कामाची वस्तू स्वस्तच आहे: दोन्ही यंत्रांना अडकवलेली दोरी आणि तिचा कॉलरला मागून लावायचा चिमटा. दोरी मान वळेल इतकी सैल हवी, कोणाच्या बोटात अडकेल इतकी नको. यंत्रावर चढवायची कापडी खोळ घाम शोषते आणि मैदानावरच्या वाऱ्याची घरघरही कमी करते. कपाळपट्टी घाम खाली येण्याआधीच टिपते.

हेल्मेटची अडचण वेगळी आहे. आतली गादी मायक्रोफोनवर दाबली की यंत्रातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो व शिट्टी वाजते. शिवाय हेल्मेट झटक्यात ओढून काढले की मशीनही त्याबरोबर येते. सिॲटल सीहॉक्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला डेरिक कोलमन यासाठी हेल्मेटखाली घट्ट टोपी घालत असे. शाळेत असताना आईने त्याला नायलॉनचे मोजे कापून तशी टोपी करून दिली होती. कॉक्लियर इम्प्लांट असलेली जोडी आउन्सली ही इंग्लंडची सेव्हन्स (सात-सात जणांच्या) रग्बीची खेळाडू डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळली. इम्प्लांटचा आतला भाग कवटीवर त्वचेखाली बसवलेला असतो. म्हणून डोक्याला मार लागेल असा खेळ निवडताना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारणे भाग आहे.

कुस्ती आणि कबड्डीत मशीन काढून ठेवणेच शहाणपणाचे. पकडीत मान-कान दाबले जातातच. खो-खोत मागून हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचे असते, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या मुलाला स्पर्श पुरतो. क्रिकेटमध्ये तशी सोय नाही. ‘येस’, ‘नो’, ‘वेट’ या हाका ऐकण्यासाठी मशीन हवेच, नाहीतर जोडीदाराशी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. मशीन काढायला सांगणे सोपे असते. खुणा ठरवण्याचे काम मात्र बहुतेक वेळा त्या मुलावरच सोडले जाते, आणि ते प्रशिक्षकाचे आहे.

कर्णबधिरांच्या डेफलिंपिक्समध्ये स्पर्धेदरम्यान श्रवणयंत्र वापरण्यास मनाई आहे. १९२४ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या या स्पर्धेत चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असलेले खेळाडू उतरतात. यंत्रामुळे कोणालाच जास्त फायदा मिळू नये, हे मनाईचे कारण. धावण्याची शर्यत तिथे दिव्यांच्या इशाऱ्याने सुटते.

खेळ संपल्यावर मशीन मऊ कोरड्या कापडाने पुसावे, झिंक-एअर बॅटरी काढून कप्पा उघडा ठेवावा आणि ते ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवावे. हेअर ड्रायर वापरू नये, कारण उष्णतेने आतले भाग बिघडतात. मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले, तर नळी यंत्रापासून सोडवून फुग्यासारख्या छोट्या पंपाने हवा मारावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवाच दमट असते. तिथे सराव नसलेल्या दिवशीही हा डबा वापरावा लागतो, आणि रंग बदलणारे सिलिकाचे खडे असतील तर ते वेळेवर बदलावे लागतात.