नागपूरची मेट्रो रुळांपलीकडे पोचायला वेळ का लागला

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली शाखा इथवर पोचली, मग बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची वाट उघडली, आणि पुढे छिंदवाडा-नागभीडच्या नॅरोगेज गाड्या इतवारीहून सुटू लागल्या. चारी दिशांच्या गाड्या इथून जातात याचा नागपूरकराला भारी अभिमान. पण त्या गाड्या बाहेरगावच्या. रोज कामावर नेणारी लोकल त्यातून कधी उभी राहिली नाही. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या मध्यवर्ती बाजारात जायचं तर एसटी महामंडळाची शहर बस, सायकल रिक्षा, मग ऑटो, नाहीतर आपली दुचाकी.

उलट या रुळांनी शहराची फाळणीच केली. बर्डी, सिव्हिल लाइन्स पश्चिमेला. इतवारी, गांधीबाग, महाल पूर्वेला. पलीकडे जायला लोहापुलाखालून नाहीतर रामझुला उड्डाणपुलावरून. लोहापुलाखाली संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

मेट्रोचा विचार कागदावर आला तो २०१२मध्ये. नागपूर सुधार प्रन्यासने सविस्तर प्रकल्प अहवालाचं काम दिल्ली मेट्रोकडे सोपवलं. केंद्राची मंजुरी आणि भूमिपूजन दोन्ही ऑगस्ट २०१४मध्ये. खर्च ८,६८० कोटी, लांबी सुमारे ३८ किलोमीटर. जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास बँकांकडून कर्ज. ऑटोमोटिव्ह चौक ते मिहान (विमानतळाजवळचा औद्योगिक प्रकल्प) आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशा दोन मार्गिका, आणि त्यांचा छेद बर्डीत, मुंजे चौकाशी.

भुयार कुठेही नाही. म्हणजे खर्च वाचला, पण शहराच्या पोटातली प्रत्येक अडचण वरूनच ओलांडायची ठरली. मिहान-खापरीकडे मोकळी जागा, काही ठिकाणी तर रूळ जमिनीवरच. म्हणून काम तिकडून सुरू झालं. वर्धा रोडवर छत्रपती चौकातला धडधाकट उड्डाणपूल २०१६च्या अखेरीस पाडला आणि एकाच खांबावर खाली उड्डाणपूल, वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर उभारला.

मार्च २०१९मध्ये खापरी ते बर्डी गाडी धावली, पण सगळी स्थानकं उघडलेली नव्हती आणि विमानतळाकडच्या टोकाला वस्तीही विरळ. पुढे डबे वाढदिवसासाठी भाड्याने देण्याची योजनाही निघाली. टीका करणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. माझ्या मते दोष योजनेचा कमी, क्रमाचा जास्त: गर्दीचा अर्धा भाग रुळांच्या पलीकडे होता आणि तिथवर मेट्रो पोचलीच नव्हती. लोकमान्य नगर ते बर्डी जानेवारी २०२०मध्ये सुरू झालं, तेही पश्चिमेचंच.

रूळ ओलांडून पूर्वेला जाणं अवघड होतं ते आनंद टॉकीजजवळ. खाली रेल्वेगाड्यांची सतत ये-जा, त्यामुळे रुळांवर आधार रोवून काम करणं अशक्य. सुमारे २३० मीटरचा पूल मग खांबाच्या दोन्ही बाजूंनी तोल सांभाळत, तुकड्या-तुकड्याने पुढे सरकवत बांधला. तिथून मार्गिका कॉटन मार्केटवरून रेल्वे स्थानकाच्या संत्रा मार्केटच्या बाजूला उतरते आणि सेंट्रल अव्हेन्यू धरते. उत्तरेला गड्डीगोदामची कथा आणखी गुंतागुंतीची: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. सुमारे १,६५० टनांचा पोलादी सांगाडा चालू लोहमार्गावर चढवायला रेल्वेकडून ब्लॉक घ्यावे लागले.

झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्क ही स्थानकं ऑगस्ट २०२१मध्ये उघडली. पूर्व आणि उत्तरेचे तुकडे ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाले, आणि इतवारीच्या व्यापाऱ्याला बर्डीची मेट्रो खऱ्या अर्थाने त्या दिवशी मिळाली. त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याचंही भूमिपूजन झालं: ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी, हिंगणा, बुटीबोरी, कन्हान आणि कापसीकडे. आता शहराच्या मधोमध नवा पूल टाकायचा नाही; हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळा आणि एमआयडीसीच्या फाटकापर्यंतचा शेवटचा किलोमीटर एवढं जमवलं तरी डबे भरतील.