मुलांना रानात नेणाऱ्यांच्या पाठीशी

पंधरा मुलांना घेऊन ओढ्याकाठी गेलेल्या शिक्षिकेची कल्पना करा. मनात सारखी डोकी मोजणं चालू आहे, एक डोळा पाण्यावर आहे, मागे राहिलेल्या मुलाच्या चपलेचा पट्टा तुटलाय. तेवढ्यात एका मुलीने दगड उलटला आणि खाली काहीतरी वळवळताना पाहून विचारलं, "हे काय आहे?" शिक्षिकेला त्या किड्याचं नाव माहीत नाही. पुढच्या दहा सेकंदांत ती काय बोलते, यावर त्या मुलीचं कुतूहल टिकेल की विझेल हे बऱ्याच अंशी ठरतं.

हे दहा सेकंद सांभाळायला शिक्षिकेला कोणी शिकवलं? दिवस फसला तर संध्याकाळी ती कोणाशी बोलते? या प्रश्नांमधून काही छोट्या ना-नफा संस्था उभ्या राहिल्या. त्या स्वतः मुलांची शिबिरं फारशी घेत नाहीत. मुलांना बाहेर नेणाऱ्या माणसांना शिकवणं, जोडून ठेवणं आणि टिकवणं हेच त्यांचं काम. पर्यावरण शिक्षणाचा इतिहास बहुतेक वेळा परिषदा आणि जाहीरनाम्यांमधून सांगितला जातो. इथे तो या शिक्षिकेच्या बाजूने पाहायचा आहे, कारण सुरुवात तिच्यापासूनच झाली होती.

१८७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, पेनिकीस नावाच्या छोट्या बेटावर, प्राणिशास्त्रज्ञ लुई अ‍ॅगसिझ यांनी एक शाळा उघडली. तिथले विद्यार्थी बहुतेक स्वतःच शिक्षक होते. न्यूयॉर्कच्या जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने बेट दिलं आणि वर ५०,००० डॉलर दिले. सुमारे पन्नास जण आले. त्यांत स्त्रियाही होत्या, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तकं बाजूला ठेवायची, समुद्रातले जीव स्वतः गोळा करायचे, दिवसभर पाहायचे आणि दिसलं तेवढंच सांगायचं, अशी शिकवण्याची रीत होती. त्याच डिसेंबरमध्ये अ‍ॅगसिझ वारले. पुढचा उन्हाळा त्यांचा मुलगा अलेक्झांडर याने कसाबसा निभावला आणि शाळा बंद पडली.

अ‍ॅगसिझ यांची मानववंशांबद्दलची मतं वर्णद्वेषी होती आणि त्यांचं नाव घेताना ते झाकून ठेवू नये. पण त्या बेटावर आलेल्या शिक्षकांनी तिथली रीत आपापल्या वर्गांत नेली. दुसऱ्या उन्हाळ्यात आलेल्या कॉर्नेलिया क्लॅप या प्राध्यापिकेने पुढे १८८८ मध्ये सुरू झालेल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम केलं. शाळा दोनच उन्हाळे चालली, तिचा परिणाम कितीतरी अधिक काळ टिकला. एका माणसाची धडपड आणि एका दात्याचे पैसे, यांतलं एक संपलं की दाराला कुलूप. ही गोष्ट या क्षेत्रात पुढे इतक्या वेळा घडली की पेनिकीसबद्दल वाचताना मला कालपरवाच बंद पडलेल्या एखाद्या संस्थेबद्दल वाचतोय असं वाटतं.

पुढची मोठी पायरी बेटावर नाही, टपालात सापडते. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातली शेती मंदीत होती आणि तरुण मंडळी गावं सोडून चालली होती. खेड्यातल्या मुलांना भोवतालच्या निसर्गाची ओळख झाली तर त्यांना शेतीत रस वाटेल, असा विचार पुढे आला आणि ते काम कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं. लिबर्टी हाइड बेली आणि अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉम्स्टॉक ही त्यातली दोन मोठी नावं. अडचण लगेच लक्षात आली. खेड्यातल्या एकखोली शाळांमधल्या शिक्षकांना स्वतःलाच पक्षी, किडे, झाडं यांची शास्त्रशुद्ध ओळख नव्हती, आणि अज्ञान उघडं पडेल या भीतीने ते मुलांना बाहेर नेत नव्हते. म्हणून कॉर्नेलने शिक्षकांसाठी छोट्या पत्रिका काढून टपालाने पाठवायला सुरुवात केली. पुढे कॉम्स्टॉकबाईंनी हे सारं साहित्य एका जाड ग्रंथात आणलं. १९११ साली तो निघाला तेव्हा नऊशेहून अधिक पानांचं हे पुस्तक खपेल यावर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. शेवटी त्यांच्या पतीच्या प्रकाशनाने ते छापलं. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

त्या ग्रंथातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पक्ष्यांबद्दल किंवा किड्यांबद्दल नाही. शिक्षकाला उत्तर येत नसेल तेव्हा काय करावं, याचा त्यात वेगळा विचार आहे. मोठा शास्त्रज्ञसुद्धा "मला माहीत नाही" म्हणायला कचरत नाही, मग शिक्षकाने का कचरावं, असा त्यांचा युक्तिवाद. तसं म्हणावं आणि मुलांबरोबर शोधायला लागावं. ओढ्याकाठच्या त्या दहा सेकंदांचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. पण वाचून ते अंगात मुरत नाही. कोणीतरी तसं बोलताना पाहावं लागतं, आणि स्वतः बोलून पाहिल्यावर आभाळ कोसळत नाही हेही अनुभवावं लागतं.

१९०८ साली निसर्ग-अभ्यास शिकवणाऱ्यांनी अमेरिकेत आपली संघटना स्थापन केली. या विषयातल्या शिक्षकांनी एकत्र येऊन आपला आवाज तयार करण्याचा हा फार जुना प्रयत्न. पुढच्या दोन-तीन दशकांत शाळांमध्ये औपचारिक विज्ञान विषयाने जोर धरला आणि निसर्ग-अभ्यास मागे पडला.

निसर्ग-अभ्यास ही एक वाट झाली. दुसरी वाट साहसाची. १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे साहसातून तरुणांना घडवणाऱ्या आउटवर्ड बाउंड या संस्थेची पहिली शाळा सुरू झाली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्कांपेक्षा लवकर हार मानतात, ही जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स हॉल्ट यांची चिंता होती, आणि कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाकडे त्यावरचा विचार होता. समुद्र आणि डोंगर इथे चारित्र्य घडवण्याची साधनं होती. दगडाखालच्या किड्याचं नाव विचारण्याचा प्रश्न फारसा येत नव्हता. १९६० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत पोचली आणि तिथल्या कोलोरॅडोच्या शाळेत पॉल पेट्झोल्ट हे अनुभवी गिर्यारोहक मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं की मुलं भरपूर येतील, पण त्यांना सुखरूप नेऊन आणणारे तयार लोकच नाहीत. १९६५ मध्ये त्यांनी वायोमिंगमध्ये जी शाळा काढली ती मुख्यतः हे लोक घडवण्यासाठी. तिच्या पंचवीस वर्षं आधी एल. बी. शार्प यांनीही न्यू जर्सीत शिबिरप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी एक राष्ट्रीय शिबिर उभारलं होतं. जे वर्गात उत्तम शिकवता येतं ते वर्गात शिकवावं आणि जे बाहेर उत्तम शिकता येतं ते बाहेर, हा त्यांचा आग्रह आजही प्रशिक्षणांमध्ये ऐकू येतो.

या दोन वाटा बराच काळ एकमेकींना जवळजवळ अनोळखी राहिल्या. एकीकडच्या माणसाला झाडांची नावं यायची, पण वीज कडाडू लागल्यावर गट कुठे न्यायचा हे ठाऊक नसायचं. दुसरीकडच्याला दोराच्या गाठी पाठ, पण ज्या कड्यावर तो मुलांना चढवतो त्या कड्यावर काय उगवतं याचा पत्ता नाही. संघटनाही वेगवेगळ्या झाल्या. अमेरिकेत १९७१ मध्ये पर्यावरण शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली, तर अनुभवातून शिकवणाऱ्यांची वेगळी संघटना त्याच दशकात आकाराला आली. आजच्या छोट्या संस्थांच्या नावांत "पर्यावरण" आणि "मैदानी" हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे ही विभागणी आहे. प्रत्यक्षात सकाळी पक्षी दाखवणारी आणि दुपारी डोंगर उतरवणारी व्यक्ती एकच असते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरचा इतिहास भराभर सांगता येतो. १९७२ ची पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद, १९७५ ची पर्यावरण शिक्षणाची बेलग्रेड सनद, आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीला भरलेली, ६६ देशांचे प्रतिनिधी आलेली पर्यावरण शिक्षण परिषद. तिबिलिसीच्या शिफारशींमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाला स्वतंत्र जागा होती, नव्यांसाठीही आणि नोकरीत असलेल्यांसाठीही. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून चालवलेला पर्यावरण शिक्षणाचा उपक्रम १९७५ ते १९९५ अशी वीस वर्षं चालला आणि संपला. तिबिलिसीला तीस वर्षं झाली तेव्हा, २००७ मध्ये, अहमदाबादला पुन्हा जग जमलं. कागद चांगले होते. ते आचरणात आणणाऱ्या शिक्षिकेचा पगार, प्रवासखर्च आणि सुट्टी कोण देणार, हे ठरवणं मात्र प्रत्येक देशावर सोडलेलं होतं.

देशांची इच्छा किती डळमळीत असू शकते हे अमेरिकेतच दिसलं. १९७० मध्ये तिथे पर्यावरण शिक्षणाचा कायदा झाला, पण प्रत्यक्ष मिळणारा निधी कायम तोकडा राहिला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कायदाच गेला. नवा कायदा यायला १९९० उजाडलं. मधल्या वर्षांत प्रशिक्षणं चालू राहिली ती बरीचशी स्वयंसेवी संस्था, निसर्गकेंद्रं आणि स्वतःच्या खिशातून तिकीट काढून येणारे शिक्षक यांच्या बळावर. छोट्या संस्थांना सरकारी निधीवर पूर्ण विसंबू नये असं का वाटतं, ते यातून कळतं.

ब्रिटनने वेगळा, फार कडू धडा घेतला. तिथे क्षेत्र-अभ्यासाची, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन निसर्ग शिकण्याची, परंपरा मजबूत होती. १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, त्यासाठी एक परिषद स्थापन झाली आणि १९४६ मध्ये फ्लॅटफर्ड मिल इथे तिचं पहिलं केंद्र उघडलं. पण मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बे इथे एका खासगी साहसकेंद्राच्या कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) सहलीत चार शाळकरी मुलांचा मृत्यू झाला. सोबतच्या प्रशिक्षकांचं शिक्षण अशा समुद्रासाठी पुरेसं नव्हतं. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्या केंद्रात आधी काम केलेल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेच्या त्रुटींबद्दल व्यवस्थापनाला लेखी कळवलं होतं. १९९५ मध्ये कायदा झाला आणि पुढे साहसकेंद्रांना परवाने सक्तीचे झाले. परवान्याने दोर आणि होड्या तपासल्या जातात. पण "इथे काहीतरी चुकतंय" असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकून घेणारं, त्याच्या मालकापेक्षा वेगळं कोणीतरी लागतं. मला तरी या छोट्या संस्थांचं हे सर्वांत कमी बोललं जाणारं आणि सर्वांत मोलाचं काम वाटतं.

बाकीचं काम दिसायला साधं आहे. रानातल्या प्रथमोपचाराची शिकवणी, जी दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. दुर्बिणी, पाण्याचे नमुने तपासण्याचे संच आणि पावसाळी कोट यांची सामायिक खोली, कारण प्रत्येक शाळेला ते घेणं परवडत नाही. जंगलात किंवा खासगी जमिनीवर जायची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, विमा यांचे तयार नमुने. चांगला विमा नसल्यामुळे थांबलेल्या सहली मी पाहिल्या आहेत. मुलं तयार होती, शिक्षिका तयार होती, मुख्याध्यापकांच्या टेबलावर मात्र कागद अडला होता.

सर्वांत जास्त वेळ खाणारं काम म्हणजे सोबत चालणं. जुनी-जाणती प्रशिक्षिका नव्याच्या गटामागे दिवसभर गप्प राहून चालते आणि नंतर झाडाखाली बसून सांगते की तू चाळीस मिनिटं सलग बोललास, मुलांनी एकदाही पानाला हात लावला नाही. हे ऐकणं बोचतं. कॉर्नेलच्या पत्रिकेतून किंवा कुठल्याही पुस्तिकेतून हे पोचत नाही, त्यासाठी त्याच वाटेवर, त्याच दिवशी तिथे असलेला माणूस लागतो. अशा संस्था आकाराने छोट्या राहतात यामागे पैशांच्या टंचाईइतकंच हेही कारण आहे. अमुक ओढ्याला पाणी केव्हा चढतं आणि अमुक झाडावर मधमाश्या कुठे बसतात, ही माहिती जागेला चिकटलेली असते.

शिवाय हे लोक फार एकटे असतात. अनेकांना हंगामापुरतंच काम मिळतं, मानधन तुटपुंजं असतं, राहण्याची सोय केंद्रावरच असते आणि हंगाम संपला की ती जाते. तिशीच्या आसपास, घर आणि मुलं आली की, बरेच जण स्थिर नोकरीकडे वळतात. त्यांच्याबरोबर दहा वर्षांची समज निघून जाते. म्हणून अलीकडे काही संस्था प्रशिक्षणाबरोबर वेतनाबद्दल उघड बोलू लागल्या आहेत. हंगामाबाहेरचं काम जोडून देणं आणि नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा लिहायचा आग्रह धरणं, हेही त्यांच्या यादीत आलं आहे.

२०२० च्या महासाथीत शाळांच्या सहली थांबल्या आणि निवासी केंद्रं रिकामी पडली. अनेक प्रशिक्षकांचं काम एका आठवड्यात गेलं. वर्ग बंद असताना मोकळी हवाच सुरक्षित आहे, असं जगभर बोललं जात होतं, आणि मोकळ्या हवेत शिकवण्यात ज्यांचा हात बसला होता तीच माणसं घरी बसली होती. शाळा पुन्हा बाहेर पडू लागल्या तेव्हा केंद्रांना नवे चेहरे घ्यावे लागले, आणि जुने बरेचसे परतले नव्हते. छोट्या संस्था सध्या याच कामात गुंतल्या आहेत. जे अनुभवी लोक अजून आसपास आहेत त्यांना शोधायचं, महिन्यातले दोन-तीन दिवस मागून घ्यायचे, आणि नव्या प्रशिक्षकांच्या गटामागे चालायला पाठवायचं.