हर्णैचा एक फोटो आणि त्यात उरलेला उजेड

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरू असतो तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूला कललेला असतो. किनाऱ्याला लागलेल्या होड्या आणि टोपल्यांभोवती जमलेली माणसे त्या प्रकाशाच्या आड येतात, आणि त्यांच्या मागे पाण्यात सुवर्णदुर्गाची तटबंदी उभी असते. डोळ्यांना हे सारे स्वच्छ दिसते. होडीच्या फळीवर रंगवलेले नाव वाचता येते आणि ढगांच्या कडाही सुटत नाहीत. त्याच क्षणी मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत मात्र आकाश पांढरेफटक आणि होड्या काळ्याठिक्कर आल्या. फोटो संपादन शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात अशाच एखाद्या फोटोपासून होते, आणि पहिला प्रश्नही ठरलेला असतो: यातले काय परत मिळवता येईल?

याचे उत्तर संपादनाच्या ॲपमध्ये शोधण्याआधी कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये शोधावे लागते. सेन्सर म्हणजे प्रकाश साठवणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म खणांची जाळी. पावसाळ्यात अंगणात ओळीने मांडलेल्या भांड्यांत पागोळ्यांचे पाणी साचावे, तसा प्रत्येक खणात प्रकाश विद्युतभाराच्या रूपाने साचतो, आणि फोटो निघाल्यावर कोणत्या खणात किती साचले एवढेच मोजले जाते. या खणांना स्वतःला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि उरलेल्या निम्म्यांत लाल व निळ्या सारख्या असतात, कारण आपल्या डोळ्याला उजेडातील बारीक फरक हिरव्या रंगाच्या आसपास सर्वाधिक जाणवतो.

आता भांडे काठोकाठ भरून वाहू लागले, तर वर किती पाऊस पडला हे त्यावरून सांगता येत नाही. माझ्या फोटोत सूर्याभोवतीच्या आकाशाचे नेमके हेच झाले होते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्ही रंग २५५ वर जाऊन थांबले की तिथे पांढऱ्याशिवाय काही उरत नाही, आणि हायलाइट्सची, म्हणजे उजळ भागांची, पट्टी कितीही मागे ओढली तरी त्या पांढऱ्याचा फक्त राखाडी होतो, ढग परत येत नाही. काळोख्या भागाची गोष्ट वेगळी असते. होडीच्या सावलीतल्या खणांत थोडा का होईना, प्रकाश साचलेला असतो. शॅडोज, म्हणजे गडद भाग उजळणारी पट्टी, वाढवली की तो वर येतो आणि फळी दिसू लागते, पण तिच्याबरोबर रंगीबेरंगी ठिपक्यांचा खरखरीतपणाही येतो. त्याचे मूळ प्रकाशाच्या स्वभावात आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एका तालात येत नाहीत, त्यांच्या संख्येत चढउतार असतो आणि हा चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एखाद्या खणात सरासरी १०,००० फोटॉन आले तर फरक १०० चा, म्हणजे १ टक्का, पण १०० च आले तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के. उजेडात जो फरक लक्षातही येत नाही तो सावलीत ठिपक्यांच्या रूपाने उघड दिसतो.

म्हणून नवशिक्याने सर्वांत आधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड आणि उंची म्हणजे त्या उजेडाच्या पिक्सेलांची संख्या, एवढाच त्याचा अर्थ. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उंच उठला असेल तर तिथला तपशील गेलेला आहे. डावीकडे दाटी असेल तर बराचसा तपशील दबलेला आहे, पण हाती लागण्याजोगा आहे. समुद्रावर सूर्यासमोर फोटो काढताना एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, मुद्दाम थोडे कमी ठेवावे, हा छायाचित्रकारांचा सल्ला यातूनच येतो. कॅमेऱ्यात सोय असेल तर जेपेगबरोबर रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने मोजलेली मूळ नोंदही, ठेवावी. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे सावली उजळताना रंगांचे पट्टे पडत नाहीत आणि बऱ्याचदा आकाशातलाही थोडा तपशील हाती येतो.

उजेडानंतर रंग. कोकणात रंगाची अडचण फार लवकर पुढे येते, आणि तिचे कारण आपली लाल माती आणि जांभा आहे. पावसाळ्यात ढगाळ उजेडात जांभ्याच्या गडग्याचा जवळून फोटो काढला की तो पुष्कळदा फिकट आणि निळसर येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगांची जुळवणी, आपोआप ठरवण्याची एक जुनी, साधी रीत अशी, की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असेल असे धरून चालायचे. भाताचे खाचर, आकाश, घर, माणसे असे सारे फोटोत असेल तेव्हा हे गृहीतक बहुधा निभावते. सगळी चौकट लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेल्या दगडानेच भरली, तर मात्र उजेडच लाल आहे असे कॅमेरा समजतो आणि तो लालपणा काढून टाकायला जातो. आजचे कॅमेरे याहून हुशार आहेत, तरी अशी चूक पूर्णपणे टळलेली नाही. उपाय सोपा आहे. चौकटीत एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तू येऊ द्यावी, अगदी चुन्याने रंगवलेला तुळशीवृंदावनाचा कोपराही चालतो, आणि संपादन करताना व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने तिथे टिचकी द्यावी. चुना पांढरा झाला की जांभा आपोआप आपल्या रंगावर येतो.

व्हाइट बॅलन्सच्या तापमान-पट्टीवरचे केल्व्हिनचे आकडे पुष्कळांना गोंधळात टाकतात. दुपारचे ऊन सुमारे ५,५०० केल्व्हिन, मोकळ्या आकाशाखालची सावली ७,००० किंवा त्याहून अधिक, आणि पिवळा बल्ब २,७०० च्या आसपास. म्हणजे आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. मग पट्टी मोठ्या आकड्याकडे नेली की फोटो पिवळा का होतो? कारण तो आकडा फोटोचा रंग सांगत नाही. फोटो कोणत्या उजेडात काढला हे आपण त्या आकड्याने ॲपला सांगत असतो, आणि उजेड निळसर होता असे सांगितल्यावर ते भरपाईसाठी पिवळा वाढवते.

सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग गडद करण्याच्या, पट्टीबद्दल मात्र थोडे कठोर बोलले पाहिजे. जांभ्याच्या एका पिक्सेलचे आकडे समजा लाल १९०, हिरवा ९५, निळा ६० असे आहेत. सॅच्युरेशन वाढवत नेले की लाल २५५ कडे सरकतो आणि निळा शून्याकडे. शेजारच्या उजळ पिक्सेलचा लालही २५५ वरच येऊन थांबतो, मग दोघांतला फरक पुसट होत जातो. जांभ्याची ओळख त्याच्या रंगाइतकीच त्याच्या भोकांत, त्या भोकांत साठलेल्या सावलीत आणि कडेला धरलेल्या शेवाळ्यात असते. पट्टी टोकाला नेलेल्या फोटोत दगडाच्या जागी लाल प्लास्टिक दिसते. त्यापेक्षा व्हायब्रन्सची पट्टी वापरावी. ती फिक्या रंगांना अधिक आणि आधीच गडद असलेल्या रंगांना कमी वाढवते. आषाढात किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ, मातकट असते, आणि ते हिरवे-निळे करून पाहुण्यांना दाखवणे हे मी संपादन मानत नाही.

क्षितिजाची गोष्ट समुद्राजवळ राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. ४,००० पिक्सेल रुंद फोटोत क्षितिज फक्त १ अंशाने कलले, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ७० पिक्सेलचा फरक पडतो आणि समुद्र एका बाजूला सांडतोय असे वाटते. ते सरळ करताना चारी कोपरे थोडे कापले जातात, म्हणून फोटो काढतानाच कडेला जागा सोडावी. क्रॉप करण्याचा हिशेब त्याहून महाग आहे. ४,००० गुणिले ३,००० च्या, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली की हाती फक्त ३ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलच्या पडद्याला ते पुरतात, भिंतीवरच्या मोठ्या छपाईला नाही.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, अगदी शेवटी करावे. त्यात नवा तपशील तयार होत नाही. ॲप फक्त कडेची उजळ बाजू किंचित अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद करते. आपली दृष्टीही कडांवर असाच जोर देते, हे अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच दाखवले होते. प्रमाण चुकले की क्षितिजाच्या वर एक पांढरी रेघ उमटते. सावलीतले ठिपके आधी कमी केले नाहीत, तर तेही कडा समजले जाऊन धारदार होतात.

राहिला फाइल जपून ठेवण्याचा मुद्दा. जेपेग हे १९९२ चे मानक आहे. ते फोटोचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार वगळते. त्यामागचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडले, आणि यातले अहमद मूळचे बंगळुरूचे. बदल करून तीच फाइल पुन्हा पुन्हा जतन केली, किंवा मेसेजमधून आलेला फोटो उतरवून त्यावरच काम केले, की ही वगळणी दर वेळी नव्याने होते आणि आकाशात चौकोन दिसू लागतात. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावी आणि सगळे प्रयोग प्रतीवर करावेत.

हर्णैच्या त्या फोटोवर मी याच रीतीने काम केले. रॉ फाइल उघडून व्हाइट बॅलन्स मासळीवरच्या बर्फाच्या तुकड्यांवरून ठरवला, शॅडोज अर्ध्यापर्यंतच नेल्या, ठिपके थोडे कमी केले आणि क्षितिज पाऊण अंशाने फिरवले. सुवर्णदुर्गाच्या तटावरची झाडी आता वेगळी दिसते, होडीवरचे नाव वाचता येते आणि पुढे उभ्या असलेल्या बाईच्या टोपलीतली कोळंबीही ओळखू येते. सूर्याभोवतीचा एक हातभर भाग पांढराच राहिला आहे, आणि तो मी तसाच ठेवला आहे.