मालक कोण? कामगारांच्या तक्रारी आणि विधी सहाय्यकाचे काम : पार्श्वभूमी

पगार थकला, कामावरून तोंडी काढले, पी.एफ. कापला पण भरला नाही, बारा तास राबवूनही ओव्हरटाइम दिला नाही. अशा तक्रारी घेऊन माणूस कामगार कार्यालयात, युनियनच्या कचेरीत किंवा मोफत कायदा मदतीच्या टेबलाशी येतो, तेव्हा त्याची पहिली गाठ बहुधा विधी सहाय्यकाशी पडते. तो ऐकून घेतो, कागद पाहतो, तारखा जुळवतो आणि अर्ज कोणत्या कायद्याखाली कोणापुढे न्यायचा ते सुचवतो. हे काम असे का घडत गेले ते कळण्यासाठी महाराष्ट्रातल्या कामगार कायद्यांकडे मागे वळून पाहावे लागते, आणि २००१ या वर्षापाशी जरा जास्तच थांबावे लागते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई, अशा त्यातल्या मागण्या होत्या. पगाराची तारीख हा विषय तेव्हापासून आजतागायत तक्रारींच्या वहीतून हललेला नाही. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने ती तारीख हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी ७ आणि इतरत्र १० केली.

कामगाराचे गाऱ्हाणे सरकारी माणसाने ऐकावे, ही व्यवस्था मुंबईत १९३४ साली आली. त्या वर्षीच्या प्रांतिक कायद्याने गिरण्यांसाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. कामगाराची तक्रार ऐकायची, व्यवस्थापनाशी बोलायचे आणि जमल्यास ती तिथेच मिटवायची, हे त्याचे काम. लाल बावट्याच्या युनियनला वळसा घालावा, हाही हेतू त्यात होता. तो फारसा लपलेला नव्हता. पदाचे नाव मात्र टिकले. आजही जिल्ह्याच्या गावी लोक ‘जीएलओ साहेबां’ना, म्हणजे गव्हर्नमेंट लेबर ऑफिसरला, भेटायला जातात.

१९३६च्या कायद्यात एक साधी वाटणारी तरतूद होती. थकलेल्या किंवा कापलेल्या पगाराचा अर्ज कामगार स्वतः करू शकत होता, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला वकील, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी, किंवा निरीक्षक. पुढे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने वकिलांना आणखी मागे सारले. सरकारी अधिकाऱ्यापुढच्या समेटाच्या बैठकीत वकील चालत नाही, आणि न्यायाधिकरणापुढे चालतो तो समोरच्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी असेल तरच. कंपनी मोठा वकील उभा करील आणि कामगार एकटा पडेल, ही त्यामागची भीती. कंपन्यांनी त्यावर तोडगा काढायला फार वेळ लावला नाही, पण या तरतुदीने कामगारांच्या बाजूला माणसांची एक नवी जात तयार केली: सनद नसलेली, कायदा तोंडपाठ असलेली, युनियनच्या खोलीत बसून अर्ज लिहिणारी. आजचा विधी सहाय्यक त्यांचाच वारस आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला, आणि हे काम युनियनच्या खोलीबाहेरही पोहोचले.

स्वातंत्र्यानंतर कायदे वाढत गेले आणि प्रत्येकाने आपली स्वतंत्र मुदत आणली. थकलेल्या पगाराच्या अर्जाला आधी सहा महिने होते, नंतर बारा झाले. किमान वेतनातल्या फरकाच्या दाव्याला सहा महिने. ग्रॅच्युइटीला वेगळे फॉर्म आणि वेगळे दिवस. पगाराची मर्यादाही होतीच. वेतन प्रदान कायदा सुरुवातीला महिना २०० रुपयांच्या आतल्यांनाच लागू होता. ती मर्यादा वाढत वाढत २०१७ मध्ये २४,००० वर आली. मर्यादा वाढवायला सरकारने दर वेळी इतका उशीर केला की मधल्या काळात कित्येक जण केवळ पाचशे-हजार रुपये जास्त मिळतात म्हणून या मार्गाबाहेर राहिले.

महाराष्ट्राची वाट खऱ्या अर्थाने वेगळी झाली ती १९७१च्या कायद्याने. नाव लांबलचक आहे. युनियनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा हा कायदा प्रत्यक्षात ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. बोलताना सगळे ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) म्हणतात. त्याच्याखाली कामगार स्वतः, सरकारकडे न जाता, थेट कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो. मुदत ९० दिवसांची. शिवाय न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते. १९४७च्या कायद्याने जायचे तर आधी समेट, मग फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट फसल्याचा अहवाल, मग सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवण्याची वाट. काढून टाकलेला माणूस तोवर घरी बसलेला. यूएलपीत त्याची बदली, निलंबन, बडतर्फी काही आठवड्यांत निदान थांबवता तरी येत असे.

या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत एक कलम आहे, सहावे. कामगाराला कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या जागचा बदली कामगार, हंगामी किंवा तात्पुरता म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा. त्याच्या जोडीला राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांतली, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांतली, तरतूद: मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम झाले की कायम करा. या दोन ओळींवर एका पिढीच्या तक्रारी उभ्या राहिल्या. कंपन्यांनीही दोन उत्तरे शोधली. पहिले ‘ब्रेक’चे: २४० भरण्याआधी माणसाला काही दिवस घरी पाठवायचे आणि नव्या नावाने, कधी नव्या टोकन नंबराने परत घ्यायचे. दुसरे जास्त टिकाऊ ठरले. माणूस आपला म्हणून घ्यायचाच नाही, ठेकेदाराचा म्हणून घ्यायचा.

इथे २००१ येते.

प्रश्न असा होता. कारखान्याच्या उपाहारगृहात पंधरा वर्षे काम करणारा माणूस यूएलपीखाली तक्रार करतो की मी या कंपनीचा कामगार आहे, ठेकेदार नावापुरता आहे, मला कायम करा. कंपनी उत्तरात लिहिते की हा आमचा माणूसच नाही. मग तो कोणाचा, हे त्याच न्यायालयाने त्याच तक्रारीत ठरवायचे का? १९९५च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नकाराकडे झुकणारे मत दिले होते, तरी राज्यात दोन्ही बाजूंनी प्रकरणे चालत राहिली. जानेवारी २००१ मध्ये एका पोलाद कारखान्याच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात आणि फेब्रुवारीत एका औषध कंपनीतील साफसफाईच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर पक्के केले. मालक-कामगार हे नाते वादात असेल तर यूएलपीची तक्रार चालणार नाही. आधी १९४७च्या कायद्याखाली, किंवा जुन्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली, नाते सिद्ध करा. मग अनुचित प्रथेची तक्रार घेऊन या.

कायद्याच्या तर्कात याला आधार आहे, हे मान्य करायला हवे. यूएलपीचे न्यायालय संक्षिप्त चौकशीसाठी आहे आणि ‘कामगार’ची व्याख्या त्याने दुसऱ्या कायद्यांतून उसनी घेतली आहे. पण व्यवहारात काय झाले? कंपनीच्या लेखी जबाबातल्या ‘नाते नाकारतो’ या एका वाक्यात तक्रार अडवण्याची ताकद आली. ज्याचे नाते उघड होते त्याला वेगवान मार्ग मिळाला, आणि ज्याच्यासाठी नातेच लपवले होते त्याला लांबचा. ज्या लबाडीविरुद्ध दाद मागायची तीच लबाडी बचाव ठरली. या निकालांवर इतकी वर्षे चर्चा होऊनही याचे समाधानकारक उत्तर ऐकायला मिळालेले नाही. नंतरच्या निकालांनी एवढी सवलत दिली की नाते वादातीत असेल, किंवा त्यावर खरा वाद होऊच शकत नसेल, तर तक्रार चालेल. पूर्वी कधी नाते मान्य झालेले असेल तर नुसत्या नकाराने ती बुडणार नाही. पण हे ‘वादातीत’ सिद्ध करायचे ओझे तक्रारदारावरच राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. त्याच न्यायालयाच्या डिसेंबर १९९६च्या निकालाने असे धरले होते की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली बंद झाली की तिथले कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. घटनापीठाने ते खोडले. आपोआप काही होत नाही. ठेका हा निव्वळ देखावा आहे असे वाटत असेल तर औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुरावा द्या. म्हणजे आठ महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकच उत्तर मिळाले, पुरावा आणा. आणि तो सगळा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ताब्यात.

विधी सहाय्यकाच्या टेबलावरचे काम यानंतर बदलले. पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘काय झाले?’ आता तो, ‘तुमचा मालक कोण?’ आणि ऐंशी टक्के वेळ त्याच्या उत्तरात जातो, असे या कामातली माणसे हसून सांगतात. गेटपास कोणी दिला, त्यावर कोणाचा शिक्का, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कार्डावर कोणाचा कोड, रजा कोणाकडे मागायची, सुपरवायझर कंपनीचा की ठेकेदाराचा, ठेकेदार तीन वेळा बदलला तरी माणूस त्याच मशीनवर होता का. पगार ज्या खात्यातून आला त्याचे बँक स्टेटमेंट, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, दिवाळीच्या भेटीसोबतचे पत्रसुद्धा. २००५चा माहिती अधिकार कायदा इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडला. ठेकेदाराकडे परवाना होता का, कोणत्या कामासाठी आणि किती माणसांसाठी, कंपनीची मुख्य मालक, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणारी, म्हणून नोंदणी होती का, हे कागद कामगार कार्यालयातून अर्जाने मिळू लागले. चाकणपासून बुटीबोरीपर्यंत कंत्राटी कामगारांच्या कित्येक प्रकरणांत पहिला कागद माहिती अधिकाराचाच असतो. पुढे राज्याने परवान्याची किमान कामगारसंख्या २० वरून ५० वर नेली, आणि लहान ठेकेदारांचा तो कागदही तयार होणे थांबले.

दुसरा धागा नावाचा. तक्रार करायची, पण मालकाला कळता कामा नये, असे म्हणणारे लोक कायमच जास्त असतात. कामगार तपासणीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ मध्ये स्वीकारला. तक्रार कोणी केली ते गुप्त ठेवायचे, इतकेच काय, तपासणी तक्रारीवरून होते आहे हेही मालकाला कळू द्यायचे नाही, असे त्यात आहे. आपल्या कारखाने अधिनियमात ही तरतूद स्पष्ट शब्दांत यायला १९८७ उजाडले. भोपाळनंतरच्या दुरुस्त्यांत ती आली. मात्र ही गुप्तता टिकते ती निरीक्षक इतर वेळीही फिरत असेल तर. २०१४ पासून केंद्राने कोणाची तपासणी करायची ते संगणकाने ठरवायची पद्धत आणली, राज्यात २०१५ मध्ये स्वयंप्रमाणनाची, म्हणजे कायदा पाळल्याचे मालकानेच लिहून देण्याची, योजना आली. ‘इन्स्पेक्टर राज’ संपवण्याच्या नावाखाली हे झाले, आणि हप्त्यांच्या कहाण्या खोट्या नव्हत्या. पण एरवी कोणीच येत नसलेल्या कारखान्यात निरीक्षक आला की तक्रार झाली हे शिपायालाही समजते. मग कोणी केली हे शोधायला वेळ लागत नाही. त्यामुळे जाणते सहाय्यक निनावी अर्जापेक्षा आठ-दहा जणांच्या सह्यांचा अर्ज बरा समजतात.

दुकानांच्या बाबतीत हा बदल आणखी पुढे गेला. १९४८चा दुकाने कायदा जाऊन २०१७चा आला. दहापेक्षा कमी माणसे असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी झाली आणि निरीक्षकाचा ‘सुविधाकार’ झाला. २०२५ मध्ये ही संख्या २० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. कापडाच्या दुकानातल्या किंवा मेडिकलमधल्या पाच-सात जणांपैकी कोणी आता आले, तर दुकाने कायदा बाजूला ठेवून किमान वेतनाकडे वळावे लागते.

काढून टाकलेल्या एकट्या कामगाराची अडचण २०१० मध्ये थोडी कमी झाली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवस थांबून तो सरकारने वाद पाठवण्याची वाट न पाहता थेट कामगार न्यायालयात जाऊ लागला. ठेक्यावरच्या माणसालाही हा मार्ग खुला होता, म्हणून २००१च्या निकालांची धार काहीशी बोथट झाली. अंतरिम आदेशाचा वेग मात्र तिथे नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची झाली, ही या सगळ्यातली निखळ चांगली गोष्ट. निरीक्षक केंद्राच्या कायद्यातही ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाला. खटला भरण्याआधी त्याने मालकाला सुधारण्याची संधी द्यायची. कामगार न्यायालयांच्या जागी दोन सदस्यांची न्यायाधिकरणे यायची आहेत. औद्योगिक संबंध संहितेने केंद्राचे तीन जुने कायदे रद्द केले, आणि त्या तिघांत महाराष्ट्राचा १९७१चा कायदा नाही. पण त्याने ‘कामगार’ची व्याख्या ज्या १९४७च्या कायद्यातून घेतली तो गेला आहे, आणि संहितेची अनुचित प्रथांची स्वतःची अनुसूची आहे. यूएलपीची तक्रार यापुढे कोणत्या व्याख्येवर उभी राहायची, हा वाद आता न्यायालयांपुढे असणार. तोवर टेबलावर आलेल्या प्रत्येक अर्जात घटनेची तारीख २१ नोव्हेंबरच्या अलीकडची की पलीकडची, ते आधी लिहून घ्यावे लागते.