रूळ 16.5 मिलिमीटरचा, डोंगर कुठल्या मापाचा?

मॉडेल रेल्वेच्या देखाव्याची चर्चा हल्ली बहुतेक वेळा गवतावर येऊन अडकते. गवताचे कृत्रिम तंतू किती मिलिमीटरचे, छटा कुठली, ते रोवायचे यंत्र कुठले, एवढ्यावरच तास जातात. लेआउट, म्हणजे रूळ-गाड्या-देखाव्याची पूर्ण मांडणी, पाहताक्षणी डोळ्याला खटकते ते मात्र गवत क्वचितच असते. रुळाची रुंदी, घराचे दार आणि गाडीची उंची एकमेकांना धरून नसतात, म्हणून खटकते. त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका तडजोडीत आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपतो. 1891 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत एका जर्मन कारखान्याने रुळांसकट खेळण्यातली रेल्वे मांडली. देखावा म्हणजे तेव्हा रंगवलेल्या पत्र्याचे स्टेशन आणि फार तर पत्र्याचाच बोगदा. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर फिरणाऱ्या गाडीला डोंगराची गरज नव्हती. गाडी लहान होऊन टेबलावर आली, मांडणी कायमची झाली, तेव्हा कुठे रुळाच्या बाजूला काय असावे हा प्रश्न पडला.

आणि नेमक्या त्याच सुमारास घोळ झाला. ब्रिटनमध्ये मोठ्या मॉडेलांना फुटाला 7 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या एका फुटासाठी मॉडेलमध्ये 7 मिलिमीटर, हे माप चालत होते. त्याचे निम्मे केले की 3.5 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:87. या मापात खऱ्या रुळांमधले 1435 मिलिमीटरचे अंतर 16.5 मिलिमीटरवर येते. हिशेब चोख होता, युरोप आणि अमेरिका त्यावरच स्थिरावले. ब्रिटनची अडचण मोटरची होती. तिथले पूल आणि बोगदे फार आधी, अरुंद मापात बांधलेले, त्यामुळे इंजिनेही अंगाने बारीक. 1920 च्या दशकातली मोटर त्या सडपातळ बॉडीत मावेना. मग रूळ 16.5 वरच ठेवायचा आणि वरची गाडी तेवढी फुटाला 4 मिलिमीटरने, म्हणजे 1:76 मापात फुगवायची, असा तोडगा निघाला. 1938 मध्ये लिव्हरपूलच्या एका बड्या खेळणी कंपनीने याच मापाची गाडी बाजारात आणली आणि परतीची वाट बंद झाली. पुढे मोटर बोटाच्या पेराएवढी झाली, तरी माप तेच राहिले.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. 1:76 मध्ये 16.5 मिलिमीटर म्हणजे खरे 1257 मिलिमीटर. गाडी असायला हवी त्यापेक्षा 178 मिलिमीटर अरुंद रुळावर उभी आहे. समोरून पाहिले की ती चवड्यांवर उभी असल्यासारखी दिसते. पण देखावा करणाऱ्याचे दुखणे इथे सुरू होते. तयार मिळणाऱ्या रुळाचे स्लीपर कित्येक दशके 1:87 च्या अंदाजाने, आखूड आणि दाट बसवलेले असत. त्याशेजारी फलाट, सिग्नल केबिन, माणसे 1:76 ची. दोन मीटर उंचीचे दार एका मापात 23 मिलिमीटर होते आणि दुसऱ्यात 26. घर जर्मन किटमधले आणले तर आणखी गंमत, कारण टेबलावर जास्त इमारती मावाव्यात म्हणून त्यातली बरीच किट 1:87 पेक्षाही लहान काढलेली असत.

वळणांनी यात भर घातली. खेळण्याच्या सेटमधले 438 मिलिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या मापात जेमतेम 33 मीटरचे होते. असल्या वळणावर मुख्य मार्गाची गाडी कुणी नेणार नाही. त्यावर डबे घसटू नयेत म्हणून शेजारच्या दोन मार्गांमधले अंतर वाढवावे लागते. तयार सांध्यांनी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांनी, ते 51 मिलिमीटरच्या आसपास नेले, खऱ्या हिशेबाने ते 45 च्या घरात हवे. मग पूल रुंद, बोगद्याचे तोंड रुंद, दोन मार्गांमधली खडीही रुंद. चूक मोटरची, आणि ती झाकण्याचे काम डोंगराकडे. झाडी, भिंती, खोदाईचे काठ यांनी गाडीकडे समोरून पाहूच द्यायचे नाही, ही युक्ती तिथूनच रूढ झाली असावी.

सुधारणेचे प्रयत्न झाले. आधी 18 मिलिमीटर हे रुळाचे जास्त जवळचे, पुढे 1960 च्या दशकात 18.83 मिलिमीटर हे अचूक माप निघाले. त्यांचा आग्रह धरणाऱ्यांना सोवळे म्हणून हिणवले गेले आणि त्यांनीही बाकीच्यांना खेळणीवाले ठरवले. दोन्ही बाजूंनी खर्च झालेली शाई पाहता एवढ्यात एखादी खरी शाखा लाइन टाकून झाली असती. व्यवहारात सोय जिंकली. त्या मापांचे सगळे रूळ हाताने घालणे दर घरी जमणारे नाही, हे मान्य. पण नुसती सोय म्हणून केलेली गोष्ट परंपरा म्हणून मिरवावी, हे पटत नाही.

देखाव्याची कला म्हणून जी ओळख झाली, ती मात्र दोन्ही गटांकडून आली. 1930 च्या दशकात एका इंग्रज हौशी माणसाने कार्डबोर्डच्या घरांचे एक काल्पनिक खोरे उभे केले. रूळ त्या गावातून वाट काढत जात. गाव आधी, रेल्वे नंतर. हे खोरे आज ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावी जपलेले आहे. त्याच गावी 1954 पासून आसपासच्या खऱ्या कौलारू आणि गवताच्छादित घरांची 1:76 मापातली नोंद उभी राहत गेली. छपरासाठी नळकामातला ताग जुडी-जुडीने लावलेला, भिंती कार्डावर कोरून जलरंगात रंगवलेल्या. जिथे घरांवर इतकी मेहनत झाली, तिथे रूळ 16.5 चा ठेवला नाही. 18 चा घातला. यातून घ्यायचे ते घ्यावे.

अमेरिकेत मापाचा वाद नव्हता, म्हणून तिथे डोके साहित्यात चालले. जाळीवर प्लास्टर थापण्याची जुनी पद्धत जड आणि किचकट होती. तिच्या जागी चुरगळलेल्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर कडक जातीच्या प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल पसरायचे, वाळल्यावर आतला कागद काढून घ्यायचा, असा पातळ कवचाचा डोंगर आला. ओल्या पृष्ठभागावर कोरडा रंग आणि प्लास्टर गाळणीतून चाळायचे, की माती तयार. कॅलिफोर्नियात माँटेरेला एका छायाचित्रकाराने जमिनीपासून छतापर्यंत डोंगर चढवले आणि इंजिनांवर काजळी, गंज रंगवला. 1973 मध्ये त्याच्या निधनानंतर काही दिवसांतच आगीत ते सारे गेले. रंगवलेला भुसा आणि ग्लिसरीनमध्ये मुरवलेले दगडफूल यांची जागा 1970 च्या दशकात रंगीत फोमच्या चुऱ्याने घेतली.

मग आले ताठ उभे राहणारे गवत. ओल्या गोंदात एक खिळा रोवून तार जोडायची, दुसरी तार तंतू भरलेल्या गाळणीला. उच्च विद्युतदाबाने तंतू भारित होऊन उभेच्या उभे रुततात. आपल्याकडे अनेकांनी हे यंत्र मच्छर मारायची रॅकेट फोडून, तिचे सर्किट चहाच्या गाळणीला जोडून बनवले. मात्र 1:87 मध्ये 6 मिलिमीटरचा तंतू म्हणजे गुडघाभर गवत आणि 12 मिलिमीटरचा म्हणजे कमरेइतके, हे पाकीट घेताना लक्षात राहत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरणाऱ्या मुलुखाला देखावा नवा नव्हता. पुण्यात कोथरूडला 1998 पासून लघुरेल्वेचे कायमचे संग्रहालयही आहे. पण इथे तोच जुना प्रश्न उलटा होऊन आला. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. 1:87 मध्ये तिला 19.3 मिलिमीटरचा रूळ हवा. भारतीय डब्यांची मॉडेल 1:87 ची आणि रूळ मात्र बाजारातला, 16.5 चा. म्हणजे इथेही गाडी अरुंद रुळावरच, फक्त कारण वेगळे.

त्यात सह्याद्री. भोर घाटाची जुनी चढण सुमारे 25 किलोमीटर लांब आणि 558 मीटर उंच. 1:87 मध्ये ती 287 मीटर लांब आणि सुमारे 6.4 मीटर उंच होते. त्यामुळे घाट करणारे एखादा बोगदा, एखादा पूल आणि 1929 मध्ये मार्ग बदलल्यावर सुटलेले रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा उलटी करून पुढे चढे) यांतले काहीतरी निवडतात. आयात केलेले खडकाचे साचे ग्रॅनाइटचे, आपला काळा कातळ आडव्या थरांचा. म्हणून थर्माकोलचे तुकडे आडवे रचून कडा तासायच्या, वर हाड मोडल्यावर घालतात ती प्लास्टरची पट्टी ओली करून बसवायची. 2018 च्या बंदीत सजावटीचा थर्माकोल आल्यावर बऱ्याच जणांनी पुठ्ठा आणि कागदाचा लगदा धरला. खडीही पाकिटातली तांबूस चालत नाही. काळ्या दगडाची चुरी चाळून घ्यावी लागते. ती पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवताना भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर गोंदाचे गोळे होऊन खडीत खड्डे पडतात.

19.3 चा रूळ हवा असेल तर सांधेही घरीच घडवावे लागतात, आणि मग इंजिनाची चाकेही बदलावी लागतात. इतकी तयारी असणारे थोडे. बाकीचे रुळाच्या कडेने जरा जास्त खडी टाकतात आणि घाणेरीची झुडपे पुढे आणतात.