मंकीपॉक्स : प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी तपासणी व लसीकरणाची कार्यपद्धती

मंकीपॉक्सच्या तपासणीसाठी रुग्णाने कोठेही अर्ज करायचा नसतो. संशयिताची नोंद करण्याची व नमुना पाठविण्याची जबाबदारी तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची असते. विदर्भातील खेड्यांत अंगावर पुरळ आलेल्या मुलाला बहुतेक वेळा कांजिण्याच असतात, आणि घरी ‘माता आली’ म्हणून कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेले ते मूल पाचव्या-सहाव्या दिवशी केंद्रात येते. अशा प्रत्येकाचा नमुना पाठवायचा नाही.

मागील 21 दिवसांत बाधित देशातून आलेल्या किंवा रुग्णाच्या निकट संपर्कात राहिलेल्या व्यक्तीला कारण न समजणारे पुरळ असेल आणि सोबत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कमालीचा थकवा किंवा मानेत-जांघेत अवधाण (सुजलेल्या गाठी) असेल, तर तिला संशयित धरावे. कांजिण्यांत अवधाण सहसा नसते आणि एकाच जागी नवे फोड व सुकलेल्या खपल्या एकत्र दिसतात; मंकीपॉक्सचे फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात व तळहात-तळपायांवरही येतात. मात्र 2022 च्या साथीत अनेकांना फक्त जननेंद्रियावर दोन-चार फोड होते, म्हणून पडद्याआड पूर्ण तपासणी करावीच.

रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवून, मास्क व हातमोजे घालून, फोडातील द्राव, फोडाच्या बुडाचा स्वॅब, खपली, घशाचा स्वॅब, रक्त व लघवी घ्यावी. तिहेरी वेष्टनातील नमुने 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे, किंवा ते अधिकारी सांगतील त्या प्रयोगशाळेकडे जातात. कागदपत्रांत खरे महत्त्व तारखांना आहे : पुरळ उठल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि पासपोर्टवरील शिक्का पाहून लिहिलेली प्रवासाची तारीख. नळीवरील नाव नमुन्यासोबतच्या कागदावरील नावाशी अक्षरशः जुळावे; ‘बाळू’ आणि ‘बाळकृष्ण’ प्रयोगशाळेला दोन माणसे वाटतात.

सर्व खपल्या गळून नवी त्वचा येईपर्यंत रुग्ण विलगीकरणात राहील. संपर्कातील व्यक्तींवर 21 दिवस लक्ष ठेवावे. त्या काळात त्यांनी रक्तदान करू नये.

लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही, त्यामुळे केंद्राच्या मागणीपत्रात ती लिहून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये पूर्वमान्यता दिलेली एमव्हीए-बीएन ही लस चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रांत देतात, तीही अधिक जोखमीच्या व्यक्तींना; सरसकट लसीकरणाची शिफारस नाही. जुन्या कर्मचाऱ्यांच्या दंडावरील देवीच्या लशीचा व्रण काही अंशी संरक्षण सुचवतो, पण तो असला तरी हातमोजे काढायचे नाहीत.